लेबर रूमची ड्युटी लिस्ट : नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांसाठी

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली आणि पहिलीच नेमणूक लेबर रूमला निघाली, अशा मुली दरवर्षी माझ्याकडे येतात. एफएचएस म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणं, ट्रे लावणं, बाळासाठी वॉर्मर तापवून ठेवणं हे त्यांना येत असतं. थोडं कच्चं असलं तर महिन्याभरात हाताला वळण लागतं. पाळ्यांबद्दल मात्र कॉलेजात फारसं कोणी बोलत नाही, आणि मुली खचतात त्या बहुतेक वेळा पाळ्यांमुळेच. यादी नीट वाचता आली नाही, रात्रीचा हिशेब चुकला, ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवताना, घाई झाली की पेशंटचंही नुकसान होतं आणि आपलंही. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

रुजू होतानाच विचारायचं

सगळ्या दवाखान्यांत पाळ्या सारख्या नसतात. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत सहा-सहा-बारा ही पद्धत जास्त दिसते : मॉर्निंग सकाळी ८ ते २, इव्हनिंग २ ते ८, नाईट रात्री ८ ते सकाळी ८. काही ठिकाणी ७ ते २, २ ते ९ आणि ९ ते ७ असं चालतं. मोठ्या खाजगी रुग्णालयांत आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या किंवा सरळ बारा तासांच्या दोन पाळ्या असतात. छोट्या नर्सिंग होममध्ये बारा तासच जास्त.

बारा तासांना होकार देण्याआधी आठवड्याला किती दिवस, हे नक्की विचारा. बारा तासांनी सहा दिवस भरले तर आठवड्याचे ७२ तास होतात. लेबर रूममध्ये ७२ तास उभं राहून काम करणं कोणत्याही पगाराला परवडत नाही, हे माझं ठाम मत आहे. बारा तास आणि आठवड्याला चार दिवस असतील तर ४८ तास होतात. तेही सोपे नाहीत, पण निभतात.

आठ तासांच्या पद्धतीत रात्री ११ वाजता पाळी बदलत असेल तर जाण्यायेण्याची सोय कोण करणार ते विचारा. दवाखान्याची गाडी आहे का, हॉस्टेल आहे का, उशीर झाला तर आत झोपायला जागा आहे का? हे विचारायला लाजू नका.

एक गोष्ट आधीच मनाशी ठेवा. राज्य शासनाने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला, त्यातून रुग्णालयं वगळलेली आहेत. मंत्रालयातल्या वहिनींना शनिवार-रविवार सुट्टी असेल, आपल्याला यादीत असेल तोच रविवार.

यादी वाचायला शिका

बऱ्याच वॉर्डांत यादी आठवड्याची असते. इनचार्ज सिस्टर म्हणजे परिसेविका ती बनवते, मेट्रन म्हणजे मुख्य सिस्टरच्या ऑफिसमधून सही होऊन येते आणि वॉर्डात लागते. नावापुढे एम, ई, एन असतं. डीओ म्हणजे डे ऑफ, एनओ म्हणजे नाईट ऑफ, सीओ म्हणजे कॉम्प ऑफ (जास्तीच्या कामाच्या बदल्यात मिळणारा ऑफ), सीएल म्हणजे किरकोळ रजा. यादी लागली की फक्त आपली ओळ बघून निघू नका. आपल्या आधी कोण आहे, आपल्यानंतर कोण येणार आहे आणि बरोबर कोण आहे ही तीन नावंही लिहून घ्या. आपण कोणाकडून ओव्हर घेणार आणि कोणाला देणार हे आधी माहीत असलं की बऱ्याच अडचणी टळतात.

यादी कशी बनते हे एकदा समजून घ्या, म्हणजे इनचार्जचा नकार ऐकल्यावर राग कमी येईल. समजा, प्रत्येक पाळीला एक सिस्टर हवी. आठवड्याचे तास १६८. चौघींना आठ दिवसांचं चक्र लावलं : दोन मॉर्निंग, दोन इव्हनिंग, दोन नाईट, मग नाईट ऑफ आणि डे ऑफ. सहा-सहा-सहा-सहा-बारा-बारा मिळून ४८ तास, तेही आठ दिवसांत. म्हणजे आठवड्याला सरासरी ४२. चौघींना दोन-दोन दिवसांच्या अंतराने हे चक्र लावलं की रोज एक मॉर्निंगला, एक इव्हनिंगला, एक नाईटला आणि एक ऑफला, असं बरोबर बसतं. पण यात रजेला जागाच नाही. एकीला ताप आला की दुसरीची डबल ड्युटी. म्हणून एका जागेला पाचवी सिस्टर लागतेच, आणि पाळीला दोघी लागत असतील तर आठवर भागत नाही. जिथे पाचवी नाही, तिथे इनचार्ज कितीही चांगली असली तरी ती रजा कुठून देणार? अशा वेळी भांडण तिच्याशी नको. रिक्त पदांची मागणी सगळ्यांनी मिळून वर करायची असते.

मॉर्निंगनंतर इव्हनिंग, इव्हनिंगनंतर नाईट हा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोपा जातो. रात्रीनंतर लगेच इव्हनिंग किंवा इव्हनिंगनंतर दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लागली की झोप मोडते. रात्री ८ ला सुटून बदलापूरला किंवा हडपसरच्या पलीकडे पोचायचं आणि सकाळी ८ ला परत हजर व्हायचं, यात झोपेला फार तर पाच-सहा तास उरतात. अधूनमधून चालेल. दर आठवड्याला तसंच लागत असेल तर शांतपणे इनचार्जला दाखवा. मी स्वतः यादी करते म्हणून सांगते, कोणी दाखवलं तर बदलता येतं. पुष्कळदा ते लक्षातच आलेलं नसतं.

रात्रीची तारीख

नव्या मुली सगळ्यात जास्त इथे गोंधळतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

यादीत ५ तारखेला नाईट आहे, याचा अर्थ तुम्ही ५ ला रात्री ८ ला येणार आणि ६ ला सकाळी ८ ला सुटणार. ५ आणि ६ अशा दोन नाईट असतील तर तुम्ही ७ ला सकाळी सुटता. यादीत ७ ला नाईट ऑफ लिहिलेलं असतं. तो दिवस सुट्टीचा दिसतो, पण तो झोपेत जातो. खरी मोकळी तारीख ८. घरच्यांना ‘७ ला सुट्टी आहे’ असं सांगू नका. सांगितलंत तर ७ ला दुपारी पाहुणे येतील आणि तुम्ही डोळे चोळत पोहे करत बसाल.

रजेचा हिशेबही असाच. १२ तारखेला सकाळी मुहूर्ताचं लग्न आहे आणि तुम्ही फक्त १२ ची रजा मागितली, तर ११ ची नाईट लागू शकते. मग १२ ला सकाळी ८ ला सुटून मंडपात जावं लागेल. ११ ची रात्रही मोकळी हवी, असं अर्जात स्पष्ट लिहा.

आणि नोंदीत तर हे फारच महत्त्वाचं. रात्री १२ नंतर तारीख बदलते, पाळी बदलत नाही. ५ तारखेच्या नाईटला रात्री १ वाजून १० मिनिटांनी झालेलं बाळ ६ तारखेचं असतं. रजिस्टरच्या पानावर वर ‘५ – नाईट’ लिहिलेलं असतं आणि हात आपोआप ५ लिहून जातो. तीच तारीख जन्मनोंदणीला जाते. मग ते आई-बाप नगरपालिकेत खेटे घालत बसतात. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहा आणि बारा वाजले की रजिस्टरमध्ये आडवी रेघ ओढून नवी तारीख टाका. मी माझ्या वॉर्डात हा नियमच केला आहे.

पहिले आठवडे

सुरुवातीला मॉर्निंग मागून घ्या. सकाळी डॉक्टर असतात, राऊंड होतो, इनचार्ज असते, विचारायला माणूस असतं. वस्तू कुठे आहेत ते दिवसा शिका : ऑक्सिजन सिलिंडरची चावी, इमर्जन्सी ट्रे, बाळाची बॅग आणि मास्क, फ्रिजमधली ऑक्सिटोसिनची (गर्भाशय आकुंचन पावायला लावणारी) इंजेक्शनं, ब्लड बँकेचा फॉर्म, नाईट सुपरवायझरचा नंबर. त्यानंतर जुन्या सिस्टरबरोबर इव्हनिंग करा. नाईट सगळ्यात शेवटी.

एकटीने नाईट घेण्याआधी स्वतःला विचारा : न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास देता येतो का? बाळ झाल्यावर रक्तस्राव वाढला तर पहिली पाच कामं कोणती, ते न आठवता हात करतात का? झटके आलेल्या पेशंटचा मॅगसल्फचा (झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा) लोडिंग म्हणजे पहिला मोठा डोस काढता येतो का? यातल्या एकाचंही उत्तर डळमळीत असेल तर इनचार्जला सांगा, आणि जुन्या सिस्टरबरोबरच्या आणखी काही नाईट मागा. दोन नव्या मुलींना एकाच नाईटला टाकलेलं दिसलं तरी सांगा. यात कमीपणा काहीच नाही. डबल ड्युटीला तर पहिल्या तीन महिन्यांत नाहीच म्हणा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक असेल तर चित्र वेगळं असतं. तिथे माणसं कमी असली की पाळ्या कागदावर राहतात आणि क्वार्टरमध्ये राहणाऱ्या सिस्टरला कधीही हाक येते. अशा ठिकाणी रात्री काय सांभाळायचं आणि काय पुढे पाठवायचं, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. १०२ आणि १०८ ला फोन केल्यावर गाडी साधारण किती वेळात पोचते हे तिथल्या जुन्या आरोग्य सेविकेला विचारा. त्या वेळेनुसार रेफरचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

ओव्हर देणं आणि घेणं

बाळ पाळी बघून येत नाही. दुपारी २ आणि रात्री ८ या दोन वेळा मला सगळ्यात धोक्याच्या वाटतात, कारण तेव्हा जाणारीचं लक्ष घराकडे असतं आणि येणारीचं अजून पेशंटवर बसलेलं नसतं. म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. युनिफॉर्म बदलून, पाणी पिऊन ७:४५ ला वॉर्डात उभं राहायचं.

ओव्हर टेबलाजवळ घ्यायचा, स्टेशनवर बसून नाही. प्रत्येक बाईच्या उशाशी दोघींनी जायचं, तिला नावाने हाक मारायची आणि ‘आता या सिस्टर तुमच्याजवळ आहेत’ असं तिला सांगायचं. कळा देणाऱ्या बाईला आपल्याजवळचं माणूस बदललं हे कळायला हवं, तो तिचा हक्क आहे.

मग काय बघायचं? पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतं आहे याचा तक्ता, उघडा. बाळाचे ठोके, आईची नाडी आणि कळा दर अर्ध्या तासाला नोंदवायच्या असतात, तपासणी आणि बीपी दर चार तासांनी. आता कुठलाही जुना पार्टोग्राफ काढून बघा, दोनच्या आणि आठच्या रकान्यात बऱ्याचदा मोकळी जागा दिसेल. जाणारीला वाटतं येणारी लिहील, येणारीला वाटतं लिहिलं असेल. आमच्याकडे पाळी बदलतानाची नोंद दोघी मिळून करतात : एक ठोके ऐकते, दुसरी घड्याळ बघते आणि खाली दोघींच्या सह्या होतात. यात दोन मिनिटंही जात नाहीत.

इंडक्शनला, म्हणजे औषधाने कळा सुरू करायला, घेतलेल्या बाईची शेवटची गोळी किंवा जेल कधी दिलं, पुढचं कधी, हे तोंडी आणि लेखी दोन्ही घ्या. ऑक्सिटोसिनची ड्रिप चालू असेल तर बाटलीवर किती युनिट लिहिलेत ते स्वतः वाचा आणि थेंब स्वतः मोजा. मॅगसल्फ चालू असेल तर पुढचा डोस किती वाजता आहे, गुडघ्याची उसळी, श्वास आणि लघवी कधी बघितली हे विचारा, आणि त्याचा उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट जागेवर आहे का ते डोळ्यांनी बघा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नुकत्याच बाळंत झालेल्या बाईकडे. प्रसूती झाली, बाळ रडलं, आता तिचं काम संपलं असं वाटतं. पण पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे बघायचं असतं. साडेसातला बाळ झालं तर यातली बहुतेक वेळ पुढच्या पाळीत जाते. म्हणून ओव्हर घेताना चादर बाजूला करा, पॅड बघा, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे ना ते पाहा, लघवी झाली का विचारा. ‘ती ठीक आहे’ एवढ्या शब्दांवर ओव्हर घेऊ नका. बाळाच्या हातातला टॅगही त्याच वेळी आईच्या नावाशी जुळवून घ्या.

डोकं दिसायला लागलेलं असेल आणि आठ वाजले, तर जी टेबलाशी आहे तिने बाळ आणि वार (प्लॅसेंटा) येईपर्यंत थांबायचं. येणारीने बाकीच्या बायका बघायच्या. टाके चालू असतील तरी तसंच. गॉज आणि सुया जिने सुरुवातीला मोजल्या, तिनेच शेवटी मोजायच्या. हा जास्तीचा वेळ रजिस्टरमध्ये लिहा आणि इनचार्जची सही घ्या. अर्धा तास कसला लिहायचा, असं म्हणणाऱ्या सिस्टरांचे वर्षाचे कितीतरी दिवस असेच जातात.

रात्र

आपोआप सुरू झालेल्या कळा रात्री उशिरा आणि पहाटे जास्त रंगात येतात, हे प्रत्येक जुन्या सिस्टरला माहीत असतं. आणि नेमकं पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान आपलं शरीर सगळ्यात मंद असतं. या वेळेत औषधाचा डोस काढला तर दुसरीला दाखवल्याशिवाय देऊ नका. जोडीला सिस्टर नसेल तर डॉक्टरला मोठ्याने वाचून दाखवा.

पहिल्या नाईटच्या दुपारी तासाभराची, जमलं तर दीड तासाची झोप घ्या. पोटभर जेवण ड्युटीला येण्याआधी करा. रात्री हलकं खा आणि पाणी पीत राहा. शेवटचा चहा साधारण अडीच-तीनच्या आत, नाहीतर सकाळी घरी गेल्यावर डोळा लागत नाही. कामाचा जोर नसेल आणि दवाखान्याची मुभा असेल तर दोघींनी आलटून पालटून वीस मिनिटं डोळे मिटा. मात्र लेबर रूममध्ये एक जण पूर्ण जागी हवीच.

सकाळी सुटल्यावर स्कूटीवर डोळे मिटत असतील तर स्कूटी तिथेच ठेवा आणि रिक्षाने जा. हे मी प्रत्येकीला सांगते आणि पुन्हा सांगेन.

घरी खोली अंधारी करा, फोन बंद ठेवा, बेलचा आवाज कमी करा. खरी अडचण खोलीची नसते, घरच्यांच्या समजुतीची असते. रात्रपाळी करून आलेली सून किंवा मुलगी दिवसभर घरीच आहे, असं धरलं जातं. गॅसवाला, नळाचं पाणी, मुलांची शाळा सगळं तिच्यावर. नवऱ्याशी, सासूबाईंशी, आईशी नोकरी सुरू होतानाच बोला : सकाळी ९ ते दुपारी ३ ही माझी रात्र आहे. दीर्घकाळच्या रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवलं. हे ऐकून नोकरी सोडायची नाही, पण झोपेला चैन समजणं सोडायचं. काही ठिकाणी सलग आठवडाभर नाईट लावतात आणि नंतर जास्त ऑफ मिळतील म्हणून मुली त्या आवडीने घेतात. लेबर रूमसाठी मला दोन किंवा तीन नाईट सलग पुरेशा वाटतात.

अदलाबदल, सण आणि रजा

ड्युटी बदलून घ्यायची असेल तर फोनवर ठरवून मोकळं होऊ नका. दोघींनी सही करून इनचार्जची मंजुरी घ्या आणि लावलेल्या यादीतही बदल करून घ्या. कोणत्याही चौकशीत, विशेषतः माता मृत्यूच्या, आधी यादी आणि मस्टर मागवतात. यादीत नाव तुमचं आणि ड्युटीवर दुसरीच, असं निघालं तर उत्तर देणं अवघड होतं.

सणांचं आधीच बोलून घ्या. कोकणातल्या सिस्टरांना गणपती हवे असतात, नगरकडच्या ख्रिस्ती सिस्टरांना नाताळ, कोणाला ईद, कोणाला आंबेडकर जयंती. एकमेकींच्या सणाला ड्युटी करणाऱ्या वॉर्डात वर्षभर भांडणं कमी होतात. भाऊबीज मात्र सगळ्यांनाच हवी असते, ती दरवर्षी आळीपाळीनेच द्यावी लागते.

शासकीय सेवेत वर्षाला ८ किरकोळ रजा आणि ३० दिवस अर्जित रजा असते. कंत्राटी आणि एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) नेमणुकीत रजा करारात लिहिलेल्या असतात, सही करण्याआधी ते पान वाचा. कॉम्प ऑफ साठवत बसू नका, जुने झाले की ते मागायला तोंड राहत नाही.

सिस्टरच गरोदर असेल तर

दुसऱ्यांची बाळंतपणं करणाऱ्या मुली स्वतःच्या बाबतीत शेवटपर्यंत उभ्या राहतात, हे मला बघवत नाही. दिवस गेल्याचं इनचार्जला लवकर सांगा, म्हणजे यादी त्याप्रमाणे करता येते. कायद्याने २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. राज्य शासनाच्या सेवेत ती १८० दिवसांची. अपेक्षित तारखेच्या साधारण दहा आठवडे आधीपासून फार वेळ उभं राहण्याचं आणि कष्टाचं काम नको, अशी मागणी करता येते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. रजेवरून परत आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी वेळ मिळायला हवा. घर लांब असेल तर त्या वेळात दूध काढून ठेवण्यासाठी फ्रिज आणि आडोशाची खोली मागा. नाईट केव्हापासून नको आणि केव्हापासून चालेल, हे तारखेसह लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती घरी ठेवा.